घरातला अलार्म कोणत्या आवाजात काय सांगतो

माझे धाकटे दीर घरोघरी चोरीचे अलार्म बसवतात आणि दुकानाचा फोन मी सांभाळते. दीर एका घरचं काम उरकून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी गेलेले असतात, त्यामुळे "ताई, ते भिंतीवरचं सारखं टुकटुक करायलंय, काय करू ओ?" हा फोन माझ्याकडे येतो. बोलणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते. सासूबाई, सून, नाहीतर दुपारभर एकट्या असणाऱ्या आजी. मशीन बसवलं तेव्हा ते चालवायचं कसं हे मात्र घरातल्या कर्त्या पुरुषाने समजून घेतलेलं असतं, आणि फोन येतो त्या वेळी तो एमआयडीसीत कामावर असतो किंवा पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलेला असतो.

माझं ठाम मत आहे की जो माणूस घरात जास्त वेळ असतो, त्याला अलार्म सगळ्यांत आधी चालवता यायला हवा. हे लिहिते आहे ते त्याच माणसासाठी. कंपनी कोणतीही असो, बटणं इकडची तिकडे असोत, आतलं काम सगळीकडे जवळपास सारखंच चालतं. जिथे मशीनप्रमाणे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

आधी घरभर एक फेरी मारा

वही-पेन घ्या आणि कुठे काय बसवलंय ते बघत फिरा. मुख्य डबा म्हणजे पॅनेल. वायरिंगच्या सिस्टीममध्ये तो माळ्यावर किंवा जिन्याखाली असतो आणि त्याच्या पोटात १२ व्होल्टची बॅटरी असते. बिनवायरीच्या छोट्या पॅनेलमध्ये मोबाइलसारखी बॅटरी आतच बसवलेली असते. दाराजवळ आकड्यांचा कीपॅड, हातात रिमोट, आणि बाहेर उंचावर हूटर. हूटर म्हणजेच सायरन.

दारांवर दोन तुकड्यांचा सेन्सर असतो. एक तुकडा चौकटीवर, एक दाराच्या फळीवर. फळीवरच्या तुकड्यात नुसतं चुंबक असतं. दार बंद असताना ते चुंबक चौकटीवरच्या तुकड्यातल्या दोन बारीक पट्ट्या जुळवून ठेवतं. दार उघडलं, चुंबक लांब गेलं, पट्ट्या सुटल्या की पॅनेलला कळतं. दोन तुकड्यांतलं अंतर एका बोटाच्या रुंदीच्या आत असायला हवं. ते जास्त झालं तर दार बंद असूनही पॅनेलला उघडं वाटतं.

खोलीच्या कोपऱ्यात साधारण सात फुटांवर पांढरी डबी दिसते तो मोशन सेन्सर. यातून आमचं चित्र कुणाला दिसतं का, हे मला कितीतरी जणी हळू आवाजात विचारतात. विचारायलाच हवं असं ते आहे. साध्या मोशन सेन्सरमध्ये कॅमेरा नसतो. अंगातून जी उष्णता बाहेर पडते, ती खोलीत एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकली एवढंच त्याला समजतं. कॅमेरावाला सेन्सरही मिळतो, पण तो वेगळा आणि महाग असतो. आपल्याकडे कोणता आहे हे बसवणाऱ्याला सरळ विचारून घ्या, आणि बेडरूममध्ये कॅमेरावाला बसवू देऊ नका.

प्रत्येक सेन्सरला पॅनेलमध्ये एक नंबर असतो, त्याला झोन म्हणतात. झोन एक पुढचं दार, झोन दोन हॉल, झोन तीन मागचं दार, असं. ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून कीपॅडजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. अर्ध्या रात्री कीपॅडवर नुसता "३" लुकलुकत असतो. तेव्हा तीन म्हणजे मागचं दार हे आठवत बसायची वेळ नको. कोड मात्र त्या कागदावर लिहायचा नाही.

लावायचा कसा, काढायचा कसा

लावणं दोन प्रकारचं आहे आणि यातच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो.

घर रिकामं ठेवून निघालात तर पूर्ण आर्म. रिमोटवर बहुतेक बंद कुलपाचं चित्र, कीपॅडवर "अवे". यात दारं, खिडक्या आणि आतले मोशन सेन्सर सगळे जागे होतात. रात्री सगळे घरात झोपले असताना होम आर्म, म्हणजे रिमोटवर घराचं चित्र, कीपॅडवर "स्टे" किंवा "होम". यात बाहेरची दारं-खिडक्या जाग्या राहतात आणि आतले मोशन सेन्सर गप्प बसतात, म्हणजे बाथरूमला उठता येतं. उघड्या कुलपाचं चित्र म्हणजे डिसआर्म, सिस्टीम काढणं. चौथं बटण घंटेचं, विजेचं किंवा एसओएस लिहिलेलं असतं. ते दाबलं की सिस्टीम लावलेली असो-नसो, हूटर लगेच वाजतो. लहान मुलाच्या हातात रिमोट का द्यायचा नाही ते यावरून कळेल.

पूर्ण आर्म केल्यावर बाहेर पडायला थोडा वेळ मिळतो, साधारण ३० ते ६० सेकंद. त्या वेळात कीपॅड बीप-बीप करत राहतो आणि बऱ्याच मशीनवर शेवटच्या दहा सेकंदांत बीप भरभर होते. भरभर झाली आणि तुम्ही अजून चपला शोधत असाल तर धावू नका. सिस्टीम काढा, चपला घाला, पुन्हा लावा. परत आल्यावरही तसाच वेळ मिळतो, पण थोडा कमी, बहुधा ३० सेकंद. दार उघडलं की बीप सुरू, तेवढ्यात कोड दाबायचा. हा वेळ घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या हिशेबाने ठेवायला सांगा. गुडघे दुखणाऱ्या आजींना कीपॅडपर्यंत पोचायला चाळीस सेकंद लागत असतील तर ४५ ठेवा. मशीनमध्ये आधीपासून भरलेला आकडा काही पवित्र नसतो.

आता खास आपल्या सोलापूरची अडचण. नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा ते रात्री दोनला येईल की पहाटे चारला, याचा नेम नसतो. होम आर्म केलेलं असतं, पाण्याचा आवाज आला म्हणून आई झोपेतून उठते, हौदाची मोटर लावायला मागचं दार उघडते, आणि अख्खी गल्ली जागी होते. असं दोनदा झालं की घरचे रात्री सिस्टीम लावायचंच बंद करतात. तसं करू नका. दोन सोपे उपाय आहेत. एक रिमोट मागच्या दाराच्या आत खिळ्याला अडकवून ठेवा, कडी काढण्याआधी उघडं कुलूप दाबायचं, पाणी भरून आत आल्यावर घराचं चित्र दाबायचं. रिमोट खिडकीतून हात घालून मिळेल असा मात्र नको. दुसरा उपाय, मागच्या दाराचा झोन पुढच्या दारासारखा "डिले" करून घ्यायचा, म्हणजे चुकून दार उघडलं तरी बीप होईल आणि कोड दाबायला अर्धा मिनिट मिळेल. दोन्ही केलं तर उत्तम.

कोडबद्दल थोडक्यात. १२३४ किंवा ०००० ठेवू नका, कारण मशीन बऱ्याचदा त्याच आकड्यांवर येतं आणि ते चोरालाही माहीत असतं. जन्मसाल नको. बटणांवर रोज बोट पडून तेच चार आकडे चकचकीत होतात, म्हणून सहा महिन्यांनी कोड बदला आणि त्या वेळी कीपॅड पुसा. कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कोड देता येत असेल तर द्या, म्हणजे पुढे त्यांचा एकट्यांचा कोड बंद करता येतो, सगळ्या घराचा बदलावा लागत नाही. आणि काही पॅनेलांत एक धमकीचा कोड असतो: कोणी चाकू दाखवून सिस्टीम काढायला लावली तर तो दाबायचा, सिस्टीम निघाल्यासारखी दिसते पण फोन मात्र घरच्यांना जातो. तुमच्या मशीनमध्ये आहे का ते विचारा, असेल तर घरातल्या मोठ्यांनी पाठ करा.

आवाज ओळखा

फोनवर मी पहिला प्रश्न विचारते: आवाज सलग आहे की थांबून थांबून? दुसरा प्रश्न: घरात येतोय की बाहेरून? या दोन उत्तरांत निम्मं कोडं सुटतं.

रिमोट दाबल्यावर हूटरने एकदा छोटा आवाज केला तर सिस्टीम लागली, दोनदा केला तर निघाली. पुष्कळ मशीनवर हीच पद्धत आहे. काहीच आवाज झाला नाही तर लागली असं गृहीत धरू नका, मागे वळून दिवा बघा. कुठलंतरी दार नीट बंद नसेल तर पॅनेल लावून घेत नाही किंवा बीप करून तो झोन दाखवतं. दिवसा दार उघडलं की नुसता टिंगटाँग होत असेल तर ती चाइम आहे, दार उघडल्याची वर्दी. आजी आतल्या खोलीत एकट्या असतील तर चाइम चालू ठेवावी असं माझं सांगणं आहे, दुकानासारखी वाटते म्हणून बंद करू नका.

सिस्टीम लावलेली असताना हूटर सलग ओरडतो ती घुसखोरी. थांबून थांबून, तीन लांब आवाज आणि मग गॅप, पुन्हा तीन, असा ठेका असेल तर तो धुराचा इशारा. आगीच्या इशाऱ्यासाठी तीनचा ठेका जगभर ठरलेला आहे. या दोहोंत वागायचं बरोब्बर उलटं असतं. चोराचा आवाज आला तर आत दार लावून राहायचं, आगीचा आला तर बाहेर पडायचं. म्हणून बसवणाऱ्याकडून दोन्ही आवाज एकदा वाजवून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना ऐकवा.

आणि मग तो टुकटुक आवाज, ज्याच्यासाठी सर्वांत जास्त फोन येतात. अर्ध्या-एक मिनिटाने एकदाच "टुक". हा अलार्म नव्हे, ही तक्रार आहे. काहीतरी बिघडलंय, बघा, एवढंच मशीन सांगतं. जुळे सोलापुरातल्या एका काकूंचा असाच फोन आला होता, थंडीच्या दिवसांत, पहाटे. कीपॅडवर सगळं हिरवं आणि आवाज तर येतोय. मी म्हटलं, काकू, हॉलच्या मध्ये उभ्या राहू नका, एकेका डबीखाली एक-एक मिनिट थांबा. इतका तोकडा आवाज कुठून येतो हे लांबून कळतच नाही. त्या कीपॅडखाली थांबल्या, काही नाही. मोशन सेन्सरखाली थांबल्या, काही नाही. स्वयंपाकघराबाहेरच्या छताला धुराची गोल डबी होती, तिच्याखाली थांबल्या आणि फोनमधून मलाही "टुक" ऐकू आलं. धुराच्या डबीची बॅटरी संपत आली होती. पहाटेच का, तर गारठ्यात कमजोर बॅटरीचा व्होल्टेज आणखी उतरतो, म्हणून अशी तक्रार बऱ्याचदा पहाटे सुरू होते आणि ऊन चढलं की थांबते. थांबली म्हणजे बरी झाली असं नाही. त्याच दिवशी बॅटरी बदला.

कीपॅडच टुकटुक करत असेल तर त्यावरची पिवळी खूण बघा. सर्वांत जास्त वेळा कारण निघतं ते लाइटचं: पॅनेलला वीज मिळत नाहीये. गल्लीतली लाइट गेलेली नसेल तर पॅनेलचा अडॅप्टर शोधा. मोबाइल चार्ज करायला किंवा मिक्सर लावायला कोणीतरी तो काढलेला असतो. त्या प्लगवर कागद चिकटवा, "काढू नये". दुसरं कारण बॅटरी उतरली. तिसरं, एखाद्या सेन्सरची आतली छोटी बॅटरी. चौथं, टॅम्पर, म्हणजे कुणीतरी सेन्सरचं झाकण उघडलंय. टॅम्पर सिस्टीम काढलेली असतानाही जागा असतो, म्हणून दिवाळीआधी रंगारी सेन्सर खोलतात आणि भर दुपारी हूटर वाजतो. रंगकाम काढायचं असेल तर आधी आम्हाला फोन करा, दीर येऊन सेन्सर उतरवून देतात.

टुकटुक थांबवायला कीपॅडवरचं एखादं बटण असतं, ते दाबून आवाज गप्प करता येतो. आवाज गेला तरी बिघाड तसाच राहतो. त्रास झाला म्हणून पॅनेलची बॅटरी उपटून ठेवणारी घरंही आहेत. त्या घरात लाइट गेली की अलार्म संपला, आणि चोराला लाइट घालवायला मेन स्विच खाली ओढणं पुरतं.

आपला उन्हाळा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मशीनच्या पुस्तकात हे सोलापूरच्या हिशेबाने लिहिलेलं नसतं.

मोशन सेन्सर अंगाची उष्णता आणि खोलीची उष्णता यांतला फरक पकडतो. आपलं अंग आतून साधारण ३७ अंश असतं, कातडी त्याहून थोडी गार. जानेवारीत खोली वीस-बावीस अंशांवर असते, तेव्हा माणूस त्याला ठळक दिसतो. मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि बंद हॉलमध्ये ३७-३८ झालं की भिंत आणि माणूस सारखेच तापलेले. फरक उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. बऱ्या सेन्सरमध्ये तापमानाप्रमाणे स्वतःला सावरायची सोय असते, तरी दुपारी तीनला त्याची ताकद थंडीतल्यासारखी राहत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर घर दिवसचे दिवस बंद असतं. म्हणून मी सांगते की नुसत्या मोशन सेन्सरवर घर सोडू नका, पुढच्या-मागच्या दाराला आणि गच्चीच्या दाराला चुंबकाचा सेन्सर हवाच. चुंबकाला उन्हाने काही फरक पडत नाही. गच्चीचं दार तर कोणी विसरू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात आणि सकाळी अंथरूण घेऊन खाली येताना ते दार तसंच लोटून ठेवतात.

उलट बाजूचा त्रासही उन्हाळ्यातच होतो, काही नसताना वाजण्याचा. सेन्सरसमोर कूलर लावला की गार झोत आणि हलणारा पडदा मिळून त्याला कोणीतरी चालल्यासारखं वाटतं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर येत असेल तरी तेच. सेन्सर खिडकीकडे तोंड करून लावू नये, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावावा. माणूस त्याच्याकडे सरळ चालत येण्यापेक्षा त्याच्यासमोरून आडवा गेला तर तो जास्त चटकन पकडतो, हेही जागा ठरवताना बघा. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही, त्यामुळे खिडकीबाहेर उभा असलेला माणूस तो सांगणार नाही.

पालीचं काय, हा प्रश्न असतोच. लांब भिंतीवरची पाल काही करत नाही. पण तीच सेन्सरच्या भिंगावरून गेली तर त्याच्या नजरेला माणसाएवढी मोठी दिसते. कोळ्याचं जाळंही तसंच. पंधरा दिवसांनी सुक्या मऊ फडक्याने भिंग पुसा, ओलं फडकं आणि फवारा नको. मांजरासाठी "पेट" लिहिलेले सेन्सर मिळतात, ते जमिनीवरच्या मांजराला सोडून देतात. मांजर कपाटावर चढलं की मात्र वाजतात.

पॅनेलमधली मोठी बॅटरी उन्हाने लवकर मरते. या शिशाच्या बॅटऱ्या २५ अंशांच्या हिशेबाने बनवलेल्या असतात आणि त्यावर साधारण दर आठ-दहा अंशांना त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. पत्र्याखालच्या माळ्यावर पॅनेल असेल तर चार वर्षं चालणारी बॅटरी दोन वर्षांतही गळू शकते. बॅटरीवर बसवल्याची तारीख पेनने लिहा. दरवर्षी मार्च सरताना, उन्हाळा तापण्याआधी, एकदा पॅनेलचा लाइटचा स्विच बंद करून दोन तास सिस्टीम बॅटरीवर चालवून बघा. तेवढ्यात तक्रार सुरू झाली तर बॅटरी गेली. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढा. पॅनेल नव्याने बसवणार असाल तर माळा सोडून आतल्या भिंतीवर, सावलीत लावून घ्या.

पेठेतली घरं आणि लूमची घरं

जुन्या वाड्यांची सागवानी दारं पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात आखडतात. चुंबकाचं अंतर ऋतूप्रमाणे बदलतं, मग जुलैत बरं चाललेलं दार एप्रिलच्या वाऱ्यात हलून अलार्म देतं. कडी घट्ट करा, आणि मोठ्या अंतराला चालणारा सेन्सर मागा. लोखंडी ग्रिलला आणि शटरला साधा सेन्सर चिकटवू नका. लोखंड चुंबकाची ताकद खातं. त्याला जाड, धातूसाठीचा वेगळा सेन्सर असतो.

साखर पेठ, अशोक चौक या बाजूला घराला लागूनच लूम असतात. तिथे भिंतीला हादऱ्याचा सेन्सर लावू नये, माग चालू झाले की तो वाजतच राहील. आणि सुताची तूस सगळीकडे बसते. धुराच्या डबीच्या जाळीत ती गेली की डबी एकतर उगाच वाजते, नाहीतर आंधळी होते. महिन्याला व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने जाळी साफ करा. सूत आणि चादरींच्या गाठी जिथे ठेवता तिथे धुराची डबी हवी, हे मी कळकळीने सांगते. चोर नेईल त्यापेक्षा आग जास्त नेते, आणि शेड तर घराला चिकटून असते.

साध्या घरातही धुराची डबी ऐन स्वयंपाकघरात लावू नका. चटणीसाठी शेंगा भाजल्या, मिरची परतली, की ती वाजणार. ती बाहेरच्या बोळात लावा, आत लावायचाच तर उष्णतेचा सेन्सर लावा. गुरुवारी ऊद घालता त्या देवघरापासूनही लांब.

गॅसची डबी मात्र स्वयंपाकघरातच हवी आणि खाली, जमिनीपासून फूटभरावर. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. पाइपचा गॅस असेल तर तो हलका, त्याची डबी वर छताजवळ. ही डबी वाजली तर एकही स्विच दाबायचा नाही, एक्झॉस्ट फॅनचाही नाही, चालू दिवा बंदही करायचा नाही. शेगडीचं बटण आणि रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि फोन बाहेर जाऊनच. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ नंबर आहे. हूटर ओरडत राहिला तर राहू द्या.

फोन लागणार का?

पॅनेलमध्ये सिम असतं, अलार्म झाला की ते ठरवलेल्या नंबरांना फोन करतं. हे सिम कोणाच्या डोळ्यांसमोर नसल्याने त्याचं रिचार्ज राहून जातं, आणि ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंदही पडू शकतो. मोबाइलवर आठवण लावून ठेवा. बरीच स्वस्त पॅनेल २जी वर चालतात. त्यांत जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं नेटवर्क ४जी पासून पुढचं आहे. सिमला पिन लॉक असेल तर आधी मोबाइलमध्ये घालून तो काढा.

वायफायवर चालणारं असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेली, राउटर बंद झाला, की हूटर वाजेल पण पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर काही येणार नाही. नंबर भरताना पहिला नंबर घरापासून पाच मिनिटांवर असणाऱ्या माणसाचा द्या, लांबच्या मुलाचा नंतर. पॅनेलमध्ये ११२ भरू नका. मशीन तिथे काही सांगू शकत नाही, ते माणसानेच करायचं काम आहे.

खरंच वाजला तर

रात्री घरात असताना सलग हूटर वाजला तर दार उघडून बघायला जायचं नाही. मुलांना, आजींना एका खोलीत घ्या, आतून कडी लावा, कीपॅड जवळ असेल तर झोन बघा, बाहेरचे दिवे लावा, ११२ ला फोन करा. पत्ता सांगताना वसाहत, प्लॉट नंबर आणि जवळची ओळखीची खूण सांगा. नुसतं "विजापूर रोड" म्हटलं तर तो रोड फार लांब आहे. हूटर लगेच बंद करू नका, शेजारी जागे व्हायला हवेत. तो तीन ते पाच मिनिटांत आपोआप थांबेल असं सेट करून घ्या.

बाहेरून आलात आणि हूटर वाजत असेल, किंवा थांबला असेल पण कीपॅडवर अलार्म होऊन गेल्याची खूण लुकलुकत असेल, तर आत जाऊ नका. आत कोणी असेल तर त्याची पळायची वाट तुम्हीच अडवाल. बाहेर थांबा, शेजाऱ्यांना बोलवा, ११२ ला फोन करा, पोलिसांबरोबर आत जा. कशालाही हात लावू नका.

गड्ड्याच्या यात्रेत घरची घरं अक्षता सोहळ्याला आणि शोभेच्या दारूकामाला जातात. निघताना घाई असते आणि नेमकी तेव्हाच सिस्टीम लावायची राहते. शेवटी बाहेर पडणारा कोण हे घरात ठरवा, त्याचंच ते काम.

महिन्यातून एकदा

महिन्याचा एक वार ठरवा, दिवसा, शेजाऱ्यांना सांगून. पॅनेलमध्ये टेस्ट मोड असतो, त्याला वॉक टेस्टही म्हणतात. तो लावून एकेक दार उघडायचं, प्रत्येक खोलीतून चालायचं, आणि यादीतला झोन बरोबर दाखवतो का ते कागदावर टिक करत जायचं. मोशन सेन्सरला वीज दिल्या दिल्या एक-दोन मिनिटं लागतात सावरायला, तेव्हाचं वाजणं मोजू नका. चालताना त्याचा छोटा लाल दिवा लागतो का बघा, आणि मे महिन्यात ही टेस्ट मुद्दाम दुपारी तीनला करा. धुराच्या डबीवरचं बटण ती डबी वाजेपर्यंत दाबून धरा. रिमोट घराच्या कोपऱ्यापासून चालतो का, एसओएसने फोन लागतो का, हेही बघा. टेस्ट करताना घरात जास्त वेळ असणाऱ्या माणसाने बटणं दाबायची, बाकीच्यांनी टिक करायचं.

झालं की टेस्ट मोड आठवणीने बंद करा. बऱ्याच पॅनेलांत तो चालू असेपर्यंत हूटर वाजतच नाही. बंद केल्यावर एकदा पूर्ण आर्म करा, बाहेर जायची बीप संपू द्या, पुढचं दार उघडा आणि कोड न दाबता थांबा. ठरलेला वेळ संपल्यावर हूटर वाजला आणि पहिल्या नंबरवर फोन गेला, की कोड दाबून शेजाऱ्यांना झालं म्हणून सांगा.